दूध सोडल्यावर चीजचे काय?

व्हिगन व्हायचे ठरवलेल्या आपल्या मुलामुलींची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. चहा काळा होतो, दह्याची सवय महिन्या-दोन महिन्यांत सुटते, तूप तर आपल्या घरांत रोज असतेच असे नाही. अडते ते चीजपाशी. कुणाच्या तरी वाढदिवसाला पिझ्झा मागवला जातो, कॉलेजबाहेरच्या गाडीवर सँडविचवर चीजचा ढीग किसला जातो, आणि निश्चय तिथेच विरघळतो. युवक गटांत आणि शिबिरांत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो: बिनदुधाचे चांगले चीज मिळते का, आणि आपल्याला परवडते का?

थोडक्यात उत्तर असे की विकत मिळते, पण त्यातले बरेचसे महाग आणि निराश करणारे असते. घरी करता येते, स्वस्त पडते, पण दुधाच्या चीजची हुबेहूब नक्कल म्हणून खायला बसलात तर तेही निराश करील. हे असे का होते ते समजून घेतले तर पैसे वाचतात आणि उमेदही टिकते. मात्र आपल्या समाजात हा विषय कढईपाशी सुरू होऊन कढईपाशी संपत नाही, म्हणून आधी थोडे त्याविषयी.

'शुद्ध शाकाहारी' पाटीशी याचा संबंध नाही

'व्हिगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहारी मंडळींपासून आपण वेगळे ओळखले जावे, हा हेतू होता. प्राण्यापासून मिळणारे दूध, मध, चामडे असे काहीच शक्यतो वापरायचे नाही, ही त्यामागची भूमिका. आपल्याकडच्या 'शुद्ध शाकाहारी' पाटीमागे गाईचे तूप पवित्र असते आणि शेजाऱ्याच्या घरातला सुकटीचा वास म्हणजे विटाळ असतो. व्हिगन विचारात तूप आणि सुकट एकाच रांगेत बसतात. हा फरक आपल्या लोकांना सांगावा लागतो, कारण शाकाहार म्हटले की आपल्याला जात आठवते. ते आठवणे मुळीच चुकीचे नाही. शहरात भाड्याने खोली शोधलेल्या कुणालाही विचारा.

अन्न आणि सत्ता यांचे नाते बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात उलगडून दाखवले. बौद्ध धम्मावर मात करण्याच्या संघर्षात ब्राह्मणांनी मांस सोडले, गाय पवित्र केली, आणि जे गोमांस खात राहिले ते अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धांत आहे. दुधातुपाची दुसरी बाजूही त्यांनी नोंदवून ठेवली आहे. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जयपूर संस्थानातील चकवारा गावची १९३६ मधली घटना येते. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले. एवढ्यावरून शेकडो हिंदू लाठ्या घेऊन धावून आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि पंगतीला मारहाण केली. तूप खाणे ही प्रतिष्ठेची बाब, आणि ती यांनी मिरवायची नाही!

हा इतिहास ज्यांच्या अंगावरून गेला त्यांच्या नातवंडांच्या ताटात आज पनीर आहे, चीज आहे. त्या ताटाकडे बोट दाखवून 'ही हिंसा आहे' असे बोलण्यापूर्वी कार्यकर्त्याने दहा वेळा विचार करावा. आजीला पहिल्यांदा मनासारखे तूप खायला मिळते आहे, ते तिला खाऊ द्या. व्हिगन होणे ही स्वतःची निवड आहे, दुसऱ्यावरचा आरोप नाही.

धम्माच्या नावाने तर आणखी जपून बोलावे. समाजमाध्यमांवर 'बुद्ध व्हिगन होते' अशी चित्रे फिरतात. ते खरे नाही. सुजातेची खीर आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे. विनयपिटकात महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात मेंडक गृहपतीचा प्रसंग आहे, त्यात तथागत भिक्खूंना दूध, दही, ताक, लोणी आणि तूप या पाचही गोरसांची अनुमती देतात. मासे-मांस सर्व भिक्खूंना सक्तीने बंद करावे, ही देवदत्ताची मागणी त्यांनी मान्य केली नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी यावर बारकाईने लिहिले आहे. अहिंसा हे बुद्धाने तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नव्हे; तत्त्व माणसाला विचार करून वागण्याची मोकळीक देते, नियम देत नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक आहे, असेही ते दाखवतात.

या मोकळिकीतूनच आजचा एखादा तरुण व्हिगन होत असेल तर त्याला पुरेसा आधार आहे. बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याविषयीच आहे. आणि दुधाचा धंदा कसा चालतो हे खेड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. गाय-म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही, आणि निम्म्या वेळा नर जन्माला येतो. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून त्या गोऱ्ह्याला काम उरले नाही. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासून बंदी होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. भाकड जनावर विकायची वाट बंद, पोसायला चारा नाही, मग ते मोकाट सुटते. गोमातेच्या नावाने ज्यांच्यावर हल्ले होतात ते आपण आणि मुसलमान. दूध ओतून पुण्य मिळवणारे मात्र दुसरेच. हे पाहून ज्याला दूध नकोसे झाले, त्याचा मार्ग सोवळ्याचा नाही, हे उघड आहे.

आता चीजकडे वळू.

चीज ताणले जाते ते कशामुळे

गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. केसीनचे अतिसूक्ष्म गोळे कॅल्शियमच्या साहाय्याने दुधात तरंगत राहतात. पनीर करताना आपण गरम दुधात लिंबू पिळतो, आम्लामुळे हे गोळे एकत्र येऊन दूध फाटते. चीजसाठी बहुधा रेनेट नावाचे विकर वापरतात. पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत, आता मोठ्या प्रमाणावर सूक्ष्मजीवांपासून मिळवतात. रेनेटने केसीनचे एक सलग जाळे तयार होते आणि त्यात स्निग्धांश व पाणी अडकून राहते. तापवले की चरबी वितळते, जाळे सैल होते, पण तुटत नाही. पिझ्झाचा तुकडा उचलताना दिसणारी तार म्हणजे हे जाळे. पनीर तव्यावर का वितळत नाही याचे उत्तरही इथेच आहे. त्याचे जाळे वेगळ्या पद्धतीने, आम्ल आणि उष्णतेने बसलेले असते.

वनस्पतींमध्ये केसीन नसते. शेंगदाणा, सोयाबीन, काजू यांत प्रथिने भरपूर आहेत, पण ती अशी ताणली जात नाहीत. म्हणून बिनदुधाच्या चीजमध्ये तार हवी असेल तर पिठूळ पदार्थ लागतो, घट्टपणा हवा तर थंडीत गोठणारे खोबरेल तेल किंवा चायना ग्रास लागते, आंबटपणासाठी विरजण किंवा लिंबू, आणि पोषण हवे तर दाणे किंवा डाळ. हे सगळे गुण दुधात एका केसीनमुळे एकत्र नांदतात. आपल्याला ते वेगवेगळ्या डब्यांतून आणावे लागतात, आणि एका पदार्थात सगळे क्वचितच जमतात. म्हणून आधी ठरवा: सँडविचला लावायचे आहे, भाजीत घालायचे आहे, की तार पाहायची आहे?

चीजमध्ये अफूसारखे व्यसन लावणारे द्रव्य असते, असा प्रचार व्हिगन मंडळी कधी कधी करतात. त्याला भक्कम पुरावा नाही, आणि आपण तो पुढे ढकलू नये. मीठ, चरबी आणि मुरल्यामुळे येणारी खमंग चव एवढे कारण जिभेला पुरेसे आहे.

पाकिटावर काय वाचायचे

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध चालते. व्हिगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये वेगळे नियम आणि वेगळे चिन्ह आणले: हिरव्या रंगातले इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्याला फुटलेली पालवी. ते चिन्ह पाहा. वनस्पतिजन्य पदार्थांना 'मिल्क', 'चीज' ही दुधाची नावे लावण्याला या संस्थेने २०२१ मध्ये आक्षेप घेतला, त्यामुळे अशा पाकिटांवर अनेकदा आडवळणाची नावे असतात. दुकानात 'चीज' शोधाल तर सापडणार नाही.

मोठा घोटाळा होतो तो ॲनालॉग चीजमुळे. गाड्यांवर आणि स्वस्त हॉटेलांत वापरले जाणारे हे चीज वनस्पती तेलाचे असते, म्हणून ते बिनदुधाचे आहे असा समज होतो. त्यात दुधाची चरबी काढून पामतेल घातलेले असते, पण प्रथिन बहुधा दुधाचेच ठेवलेले असते. मागच्या बारीक अक्षरांत केसीन, केसिनेट, व्हे किंवा मिल्क सॉलिड्स यांपैकी एक शब्द दिसला की समजा, दूध आहे.

आणि खऱ्या व्हिगन चीजचेही मागचे कोष्टक वाचा. स्वस्तातली बहुतेक खोबरेल तेल, स्टार्च आणि मीठ यांची असतात. वितळतात छान, पण १०० ग्रॅममागे प्रथिन शून्य ते एक ग्रॅम. दुधाच्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये ते २० ग्रॅमच्या आसपास असते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने पोषण म्हणून रोज असे चीज खाल्ले तर तो महागडे तेल खात असतो. काजूपासून मुरवून केलेली चीज चवीला उत्तम असतात, पण त्यांच्या किमतीत आपल्या वस्तीतल्या घराचा आठवड्याचा भाजीपाला येईल. कधीतरी चाखायला हरकत नाही, त्यावर आहार उभा करू नये.

शेंगदाण्याचा चक्का

माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत कामाचा पदार्थ हा आहे. एक वाटी कच्चे शेंगदाणे आठ तास भिजवा. काळे पडलेले, बुरशी आलेले, कडू दाणे आधीच काढून टाका, त्या बुरशीचे विष शिजवूनही पूर्ण जात नाही. साले चोळून काढा, तीन वाट्या पाण्यात अगदी बारीक वाटा आणि पंचातून पिळून गाळा. हे दूध मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटे उकळा, नाहीतर तळाला लागते आणि दाण्याचा कच्चा वासही राहतो. कोमट झाल्यावर विरजण लावायचे. दुधाचे दही नको असेल तर सात-आठ हिरव्या मिरच्यांचे ताजे देठ धुऊन त्यात बुडवा आणि भांडे उबेला दहा-बारा तास ठेवा. देठांवरचे जिवाणू दही लावतात. थंडीत वेळ जास्त लागतो. पहिले दही लागले की पुढच्या वेळी त्याचेच चमचाभर विरजण पुरते.

खाली पाणी सुटले तर घाबरू नका, आपल्याला ते टांगायचेच आहे. देठ काढा, दही फडक्यात बांधून सहा-सात तास टांगा, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा. जो चक्का उरतो त्यात मीठ, ठेचलेली लसूण, मिरपूड आणि चमचाभर पातळ केलेले खोबरेल तेल घालून फेटा. पावाला, भाकरीला, पराठ्यात लावायला हे मऊ चीज उत्तम. उकळत्या पाण्यात विरघळवलेले थोडे चायना ग्रास त्यात मिसळून वाटीत थंड केले तर सुरीने कापता येईल इतके घट्ट होते. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते. गुलाबी किंवा काळी छटा दिसली तर सरळ फेकून द्या.

चव? शेंगदाण्याची असते, लपत नाही. पण शेंगदाण्याशी आपले जुने नाते आहे. दाण्याचा कूट, दाण्याची चटणी, तीळ, कारळे, जवस हे आपल्या घरांत दुधातुपाची उणीव भरून काढत आलेले पदार्थ आहेत. चोपडे कालवण करायला आपल्या आयांना क्रीम कधी लागले नाही.

तार हवी असेल तर साबुदाणा

विलायती पाककृतींत 'टॅपिओका स्टार्च' लिहिलेले असते आणि मुले ते ऑनलाइन मागवतात. साबुदाणा म्हणजे तेच. आपण उपास सोडले, साबुदाणा मात्र घरात राहिला, तो इथे कामाला येतो. मिक्सरमध्ये कोरडा बारीक दळून चाळून घ्या. पाव वाटी भिजवलेले मगज बी किंवा सोललेले शेंगदाणे एक वाटी पाण्यात गंधासारखे वाटा. त्यात तीन मोठे चमचे साबुदाण्याचे पीठ, चमचाभर तेल, मीठ, लिंबू, लसणाची एक पाकळी आणि रंगापुरती हळद घाला. मंद आचेवर ढवळत राहा. आधी गुठळ्या होतात, बिघडले असे वाटते, पण थांबू नका. चार-पाच मिनिटांत मिश्रण चकचकीत होऊन उलथन्याला लोंबू लागते. गरम असतानाच सँडविचवर किंवा तव्यावरच्या पिझ्झावर ओता. गार झाल्यावर ते रबरासारखे होते, म्हणून लागेल तेवढेच करा.

याहून सोपी युक्ती बटाट्याची. उकडलेले दोन बटाटे आणि एक गाजर थोडे तेल, गरम पाणी, मीठ, लिंबू व मोहरीची पूड घालून मिक्सरमधून काढा. बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की चिकट होतो म्हणून एरवी आपण टाळतो, इथे तोच चिकटपणा हवा आहे. पास्ता, मॅगी, वडापाव यांवर हा पिवळा सॉस मुलांना आवडतो. प्रथिन यात जवळजवळ नाही, हे लक्षात ठेवा.

टोफू, आणि बौद्ध देशांचा अनुभव

पनीरच्या जागी टोफू चालतो हे आता सर्वांना माहीत आहे. घरीही करता येतो: सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून, दूध निदान दहा-पंधरा मिनिटे चांगले उकळायचे (कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांचे पचन रोखतात), मग लिंबू किंवा व्हिनेगरने फाडून, फडक्यात बांधून वजनाखाली दाबायचे. उरलेला चोथा थालीपिठात जातो. टोफूची तक्रार एकच असते, तो बेचव लागतो. तो बेचवच असतो. आधी मीठ-लिंबाच्या पाण्यात दोन-तीन तास मुरवा, मग भुर्जी करा, शेवटी चिमूटभर काळे मीठ घाला.

चीनमधील बौद्धांनी या टोफूचे पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. सहाव्या शतकात लियांग राजवंशातील बौद्ध सम्राट वू याने भिक्षुसंघाला मांस बंद करायला लावले, आणि तिथल्या विहारांची पाककला मांसाविना वाढली. चीनमध्ये टोफूवर बुरशी वाढवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवून 'फूरू' करतात. ते मऊ, खारट, तीव्र वासाचे असते आणि जुन्या मुरलेल्या चीजच्या फार जवळ जाते. काही प्रकारांत तांदळाची दारू असते, त्यामुळे पाचवे शील पाळणाऱ्यांनी लेबल वाचूनच घ्यावे. जपानमध्ये टोफू मिसोत पुरून ठेवतात, तोही चीजसारखा होतो. फूरू मात्र घरी करायला जाऊ नका, योग्य बुरशी कोणती हे ओळखता येत नसेल तर तो धोका आहे.

उलट लडाख, सिक्कीम, तिबेट इथल्या बौद्धांचे जगणे लोण्याच्या चहावर आणि छुर्पी या वाळवलेल्या चीजवर आहे. उंच थंड डोंगरात शेंगदाणा पिकत नाही. दोघेही बौद्धच. ताटात काय असावे हे भूगोल आणि परिस्थितीही ठरवते, हे दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की कळते.

शरीराचा हिशेब

दूध पचत नाही म्हणून सोडणारेही बरेच आहेत. जगातल्या जवळजवळ दोन तृतीयांश प्रौढांना दुधातील लॅक्टोज नीट पचवता येत नाही, तो आजार नव्हे. अशा माणसाला मुरलेले चीज अनेकदा पचते, कारण त्यात लॅक्टोज फारसे उरत नाही. दुधाची ॲलर्जी वेगळी, ती दुधाच्या प्रथिनांची असते आणि तिथे ॲनालॉग चीजसुद्धा धोक्याचे.

चीज सोडल्यावर जाते ते प्रथिन, कॅल्शियम आणि बी-१२. प्रथिनाचा प्रश्न अवघड नाही, १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम असते, शिवाय डाळी, हरभरे, सोयाबीन आहेच. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम) आणि तीळ. तिळात आकडा त्याहून कितीतरी मोठा असतो, पण सगळे शरीराला लागत नाही, म्हणून एकट्या तिळावर विसंबू नका. बी-१२ मात्र कोणत्याही डाळीत, भाजीत किंवा घरच्या विरजणात भरवशाने मिळत नाही. त्यासाठी गोळी घ्यावीच लागते. जे दूध, अंडी, मांस सगळेच सोडतात त्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवातीलाच घ्यावी, हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबू नये. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल यांच्या बाबतीत तर कार्यकर्त्याने आपले मत बाजूला ठेवून आधी तपासणीला पाठवावे.

राहिला मित्रांचा वाढदिवस. पिझ्झाच्या दुकानात चीज न घालता, भाज्या आणि सॉस जास्त घालून मागता येतो. बेसमध्ये दूध आहे का एवढे विचारा. सँडविचच्या गाडीवर 'बटर नको, चटणी जास्त' म्हटले की तो माणूस फार तर एकदा वर पाहतो. आणि घरून चक्क्याची छोटी डबी नेली असेल तर ती मधोमध उघडून ठेवा. सगळ्यांनाच थोडे लागते.